फुटक्या पाटीची साक्ष

आमच्या मोहल्ल्यात एक ओटा आहे. अमरावतीत असे ओटे वस्तीवस्तीत आहेत, त्यातलाच एक. कडुलिंबाच्या बुंध्याशी बांधलेला, चार हात लांब, तीन हात रुंद, कमरेइतका उंच. वर लोखंडी पाइपाला निळा झेंडा. पुढच्या अंगाला शहाबादी फरशीची पाटी. ह्या ओट्यावर सभा झाल्या, भांडणं मिटली, सोयरिकी जुळल्या. खांबावरचा दिवा इथंच होता म्हणून पोट्टे रात्री पुस्तकं घेऊन इथंच बसायचे. मीही त्यातलाच. १४ एप्रिलला इथं मेणबत्त्या लागतात. ६ डिसेंबरला इथं बाया मुक्यानं बसतात. पाटीवर काय लिहिलंय ते मात्र आम्ही कुणी नीट वाचलं नव्हतं. रोज दिसणारी गोष्ट माणूस वाचत नाही.

पाटी फुटली तेव्हा वाचली.

नालीची खोदाई चालली होती. यंत्राचा पंजा ओट्याच्या कोपऱ्याला लागला. कोपरा ढासळला, पाटी खाली आली, दोन तुकडे झाले. यंत्र चालवणारा पोरगा खाली उतरून हात जोडून उभा राहिला. तोही आपल्यातलाच, पोटासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला. त्याच्यावर कुणी हात उगारला नाही. ह्याचा मला अभिमान वाटला.

संध्याकाळी ओट्याच्या ढिगाऱ्यापाशीच बैठक झाली. पोट्ट्यांचं रक्त गरम. एक म्हणाला, बरं झालं फुटली, आता काळ्या ग्रॅनाइटची बसवू, सोनेरी अक्षरं टाकू. दुसरा म्हणाला, वर्गणीदारांची नावं पाहिजेत. एका पुढाऱ्याचा माणूस तिथं आलाच होता. तो म्हणाला, सगळा खर्च साहेब करतील, फक्त साहेबांचं नाव वर राहू द्या. तिसरा कार्यकर्ता, चांगला शिकलेला, मनापासून काम करणारा, उठून म्हणाला, "नुसता ओटा कायले? इतिहास लिहा! लिहा की १९२७ साली बाबासाहेबांनी अमरावतीत अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांसाठी उघडं केलं!" टाळ्या पडल्या. मजकूर ठरल्यातच जमा होता.

मी म्हटलं, मले आठ दिवस द्या. विरोध कुणी केला नाही. कारण पाटीचे दोन्ही तुकडे माझ्या घरी गोधडीत गुंडाळून ठेवलेले होते.

त्या आठ दिवसांत मी जे पाहिलं, वाचलं, विचारलं ते इथं मांडतो. मित्रांनो, हे माझ्या मोहल्ल्यापुरतं नाही. तुमच्या वस्तीतही पाटी असेल. उद्या तिच्यावरही ग्रॅनाइट चढेल.

पहिली गोष्ट, पाटी वाचायची कशी. झिजलेलं अक्षर भर उन्हात दिसत नाही. रात्री खोलीतला दिवा बंद केला, मोबाईलची बॅटरी पाटीच्या बाजूनं, अगदी आडवी धरली. उजेड तिरपा पडला की अक्षराच्या खाचेत सावली बसते आणि अक्षर उठून येतं. मग पातळ कागद वर ठेवून पेन्सिलीचं शिसं आडवं घासलं. कागदावर मजकूर उतरला. चार ओळी निघाल्या:

डॉ. बाबासाहेब आबेडकर
याच्या स्मरणार्थ हा ओटा
मोहल्यातील बायामानसानी बांदला
ता. १४-१०-५६

तारीख वाचून अंगावर काटा आला. १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरची धम्मदीक्षा! म्हणजे आमचा ओटा त्याच दिवशीचा? मोहल्ल्यात सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली असती.

पण दुसरी ओळ पुन्हा वाचा. 'स्मरणार्थ.' स्मरणार्थ जिवंत माणसाच्या नावानं कुणी लिहीत नाही. १४ ऑक्टोबरला बाबासाहेब नागपुरात लाखो लोकांसमोर उभे होते. त्यांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबरला झालं. मग ही पाटी १४ ऑक्टोबरची असूच शकत नाही. ती ६ डिसेंबरनंतरची. तारीख ओटा बांधल्याची नाही, ज्या दिवशी ही माणसं माणसं झाली त्या दिवसाची आहे. पाटी कोरणाऱ्यानं आपल्या मनातली तारीख दगडावर टाकली.

मग मी मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. दोघींना वेगवेगळं, एकीच्या समोर दुसरीला नाही. दोघी तेव्हा आठ-दहा वर्षांच्या पोरी होत्या. एक म्हणाली, "उन्हाळ्यात बांदला. पानी नोयतं, माय लांबून पानी आनत जाय." दुसरी म्हणाली, "कापूस येचून झाल्ता, हाताले काम नोयतं, तवा बांदला." वेचणी संपल्यावरचा उन्हाळा. म्हणजे बहुधा १९५७. दगडानं अर्धं सांगितलं, बायांनी अर्धं. आणि बायांनी सांगितलेलं दगडाशी जुळलं. इतिहास असाच उभा राहतो. एका साक्षीवर विसंबून राहिलं की फसगत होते, मग साक्ष दगडाची का असेना.

पाटी जोडायला अमरावतीत माणूस मिळेना. ग्रॅनाइट विकणारे पुष्कळ, फुटका दगड जोडणारा एक नाही. कुणीतरी सांगितलं, अकोल्यात एक म्हातारा पाथरवट आहे, त्याच्याकडं जा. तुकडे गोधडीत बांधले आणि बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर मागं पडलं, अकोला आलं. पाथरवटाचं घर अगरवेशीच्या अंगाला. तुकडे त्याच्या हवाली केले, तो म्हणाला, संध्याकाळी या. मधला दिवस मोकळा होता. मी किल्ला बघायला गेलो.

मोर्णेच्या काठचा अकोल्याचा किल्ला, असदगड. इंग्रजांनी १८७० च्या सुमारास तो बराचसा पाडला, तरी वेशींची नावं लोकांच्या तोंडी टिकून आहेत. दहीहंडा वेस, अगरवेस. ह्या किल्ल्यावरच्या लेखांची गंमत ऐका. दहीहंडा वेशीवरचा लेख सांगतो की, हे काम औरंगजेबाच्या राज्यात, नवाब असदखान वजीर असताना झालं. ईदगाहवरचा लेख ख्वाजा अब्दुल लतीफचं नाव घेतो, साल १६९८. आणि अगरवेशीवरचा मराठी लेख सांगतो की किल्ला गोविंद आप्पाजीनं बांधला, साल १८४३!

आता खरं कोणतं? १८०३ साली आडगावच्या लढाईआधी वेलस्लीची फौज अकोल्याला उतरली होती, तेव्हा किल्ला जुना होऊन गेलेला होता. मग १८४३ साली तो नव्यानं कसा बांधला जाईल? फार तर एखादी वेस, एखादा बुरूज दुरुस्त झाला असेल. पण दुरुस्ती करणाऱ्यानं पाटीवर 'बांधला' लिहिलं. हातात छिन्नी होती, पदरी पैसा होता, विचारणारं कुणी नव्हतं.

मी त्या वेशीपाशी उभा राहून विचार करत होतो. दुरुस्ती करणारा मालक होतो तो असा. आणि आम्ही तरी काय करायला निघालो होतो? फुटका ओटा नीट करून त्यावर पुढाऱ्याचं नाव टाकायला निघालो होतो. शंभर वर्षांनी कुणी वाचेल, हा ओटा साहेबांनी बांधला. कापूस वेचून आलेल्या, लांबून पाणी आणणाऱ्या बाया गेल्या मातीत.

आणखी एक गोष्ट मनात आली. वेस हा शब्द आपल्याला काय सांगतो? गावोगाव वेशीची राखण महाराच्या गळ्यात होती. वेसकर म्हणायचे त्याला. रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची, आल्यागेल्याची खबर ठेवायची. वेस त्यानं राखली आणि राहिला मात्र वेशीबाहेर. बादशहाचं नाव, वजिराचं नाव, कारभाऱ्याचं नाव वेशीवर. वेसकराचं नाव कुठल्या वेशीवर वाचलंय तुम्ही?

संध्याकाळी पाथरवटाकडं परत गेलो. तो पाटीवरून बोटं फिरवत बसला होता. म्हणाला, "हे पाथरवटाचं काम नोहे. गवंड्याचंही नोहे. ज्यानं कोरलं त्याचा हात ह्या कामात बसलेला नोयता. खिळ्यानं, पटाशीनं, जे सापडलं त्यानं कोरलं. पन खोल कोरलं बावा. रागानं कोरल्यावानी." मग त्यानं विचारलं, "ह्याच्यावर नाव काऊन नाही कोनाचं?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्याच्या प्रश्नानं मला दुसरा एक दगड आठवला, ज्याच्यावर नावंच नावं आहेत. कोरेगाव भीमाचा स्तंभ.

तो स्तंभ आपण उभारलेला नाही. कंपनी सरकारनं उभारला, पायाभरणी २६ मार्च १८२१. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा तो स्तंभ, आणि त्यावरचा मजकूर कंपनीच्या फौजेची बढाई सांगणारा आहे. त्यात जातीचा, अस्पृश्यतेचा, पेशवाईतल्या जुलमाचा एक शब्द नाही. पण पडलेल्या शिपायांची नावं आहेत. ४९ नावं. त्यातली २२ नावं 'नाक' लागलेली. नाक म्हणजे महार. पेशवाईच्या बखरींनी ज्यांना नाव दिलं नसतं, त्यांची नावं परक्या सरकारच्या दगडानं सांभाळली. त्यानं आपल्यावर उपकार केले नाहीत. फौजेच्या हजेरीपटावर जे होतं ते उतरवलं, एवढंच.

आणि ह्या नावांनी पुढं काम केलं. इंग्रजांनी एकोणिसावं शतक संपता संपता महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या नावांचा स्तंभ, त्यांच्याच नातवांना पलटणीचं दार बंद! शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायतेला अर्ज पाठवला, लष्करात आणि पोलिसात घ्या म्हणून. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्वतः कोरेगावला गेले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. हे सगळं कशाच्या जोरावर? दगडावर नावं होती म्हणून. आपण सभांमधून फौजेचे आकडे फुगवून सांगतो. अमुक इतक्यांनी तमुक इतक्यांना कापलं. त्या आकड्यांवर विरोधक वाद घालू शकतो. २२ नावांवर घालू शकत नाही. दगडात जे आहे ते आपल्याला पुरून उरतं. जे नाही ते त्याच्या तोंडी घातलं की जे आहे त्यावरचाही विश्वास उडतो.

परतीच्या गाडीत हेच डोक्यात घोळत होतं. आता अंबादेवीच्या प्रश्नाला भिडणं भाग होतं. टाळ्या मिळालेल्या वाक्याला नाही म्हणायचं होतं. त्यासाठी आधी स्वतःला नीट माहीत पाहिजे.

काय घडलं होतं १९२७ साली?

ते वर्ष डोळ्यांसमोर आणा. २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. ह्या दोन महाडांच्या मध्ये आपलं अमरावती आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. तरी महाडची आग इथवर आली. अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी वऱ्हाडातल्या अस्पृश्यांनी लावून धरली. डॉ. पंजाबराव देशमुख ह्या लढ्यात पुढं होते. सत्याग्रहाची तयारी झाली. आणि १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्या परिषदेत एक तार आली. बाबासाहेबांचे थोरले भाऊ बाळाराम मुंबईला वारले होते. १२ नोव्हेंबरला. मोठा भाऊ गेल्याची तार हातात पडल्यावर माणूस काय करतो? गाडी धरतो. बाबासाहेबांनी परिषदेचं काम सोडलं नाही. थिएटर माणसांनी भरलेलं होतं, गावोगावहून भाकरी बांधून आलेली माणसं. दुःख गिळून ते बसून राहिले. मला विचाराल तर अमरावतीत ज्या गोष्टीची पाटी लागली पाहिजे ती ही.

आणि परिषदेत ठरलं काय? देवळाच्या विश्वस्तांना आणखी मुदत द्यायची, सत्याग्रह काही महिने पुढं ढकलायचा. म्हणजे त्या दिवशी देऊळ उघडलं नाही. बाबासाहेब आत गेले नाहीत, मागणी मान्य झाली नाही. मुदत मागितली गेली, मुदत दिली गेली. खरं हे आहे.

मग लढा वाया गेला का? मुळीच नाही. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, पंजाबराव जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना अमरावती जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्यात आल्या. देवीच्या आधी पाणी आलं. आणि देवळांचं काय झालं तेही बघा. २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला, चार-पाच वर्षं चालला. माणसांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिले, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर झालं. इंद्रभुवन थिएटर ते दीक्षाभूमी, मध्ये २९ वर्षं. ही वाट बंद दारावरून गेली. दार बंद होतं म्हणून तर वाट बदलली!

आता सांगा, १९२७ साली देऊळ उघडलं असं आपणच पाटीवर लिहिलं तर काय होईल? ज्यांनी ते बंद ठेवलं त्यांची सुटका आपणच करून टाकू. उद्या कुणीतरी त्या पाटीकडं बोट दाखवून म्हणेल, बघा, आम्ही तर १९२७ सालीच दार उघडलं होतं, मग तुम्ही धर्म कायले सोडला? आपल्याच हातानं कोरलेला खोटा विजय आपल्याच विरुद्ध साक्ष देईल. नाकारले गेलो, हे लिहायला लाज कसली? लाज नाकारणाऱ्याची आहे.

आठ दिवसांनी पुन्हा बैठक भरली. मी कागदावरचा ठसा सगळ्यांना दाखवला. अकोल्याच्या वेशींची गोष्ट सांगितली, कोरेगावची सांगितली, इंद्रभुवनची सांगितली. तो शिकलेला कार्यकर्ता शांत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी एका भाषणात ऐकलं होतं, खरंच वाटलं." मी म्हटलं, मलाही कितीतरी वर्षं खरंच वाटत होतं. त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आपण टाळ्यांवर इतिहास शिकतो, म्हणून असं होतं. त्यानं स्वतःच ते वाक्य मागं घेतलं. ह्याला मोठेपणा लागतो.

पुढाऱ्याच्या पैशावर वाद झाला. काही जणांचं म्हणणं होतं, पैसा घेतला तर काय बिघडलं, शेवटी काम होतंय नं? बोलणं अगदीच चूक नव्हतं. मोहल्ल्यात निम्मी घरं रोजमजुरीची. पण ज्यांनी पहिल्यांदा बांधला त्यांच्याजवळ काय होतं? शेवटी ठरलं, घरटी दहा रुपये, ज्याला जमेल त्यानं जास्त, नाव कुणाचंच नाही. पुढाऱ्याचा माणूस उठून गेला. खुशाल जाओ.

सगळ्यात खरा वाद झाला तो अनुस्वारावर. पाटीवर 'आबेडकर' आहे. अनुस्वार नाही. एक पोरगी, कॉलेजात शिकणारी, उभी राहिली. म्हणाली, "बाबासाहेबांचं नाव चुकीचं ठेवायचं? लोक हसतील. निदान तेवढा एक टिंब तरी द्या." तिचं खरं होतं. नाव हा मानाचा प्रश्न आहे, आणि आपल्या नावांची मोडतोड तर पिढ्यान्‌पिढ्या होत आली. मीही घोटाळ्यात पडलो.

तेव्हा मघाच्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक बोलली. "ह्या पाटीले हात नोको लावू बाई. हे माह्या मामानं कोरलं. त्याले लिवता येत नोयतं. रातच्या शाळेत गेला, दिसभर हमाली करे अन् रातच्याले पाटी-लेखन घेऊन बसे. पह्यलं नाव कोनाचं लिवलं त्यानं? आपल्या बापाचं नाही लिवलं. बाबाचं लिवलं. आता तू शिकली, तुह्या हातानं टिंब दे, पन दुसरीकडं दे."

कुणी काही बोललं नाही. त्या पोरीनं म्हातारीचे हात धरले. ज्याच्या बापाला, आज्याला अक्षराला शिवू दिलं नाही, त्या माणसानं चाळिशीत अक्षर शिकून ते दगडात खोल घातलं. तो सुटलेला अनुस्वार म्हणजे किती शतकं शाळेचं दार बंद होतं ह्याचा पुरावा आहे. तो आपण 'दुरुस्त' केला तर पुरावा पुसला.

आणि तिसरी ओळ? 'बायामानसानी बांदला.' तिथंही एकानं सुचवलं होतं की 'सर्व नागरिकांनी' करू, शुद्ध दिसेल. पण बघा, त्या माणसानं बाया आधी लिहिल्या. पाणी त्यांनी आणलं, माती त्यांनी कालवली, घमेली त्यांनी वाहिली. त्याला ते दिसत होतं, त्यानं तसंच लिहिलं. 'सर्व नागरिक' म्हटलं की त्या बाया पुन्हा अदृश्य.

तर पुढं काय झालं तेही सांगतो, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल. अकोल्याच्या पाथरवटानं तुकडे मागून पितळी खुंट्या घालून जोडले, सांध्यात चिकटवण भरली. सांधा दिसतो. दिसू द्यावा असं त्यालाच सांगितलं होतं. अक्षरं पुन्हा कोरू दिली नाहीत. पुन्हा कोरताना जुन्या हाताचं वळण जातं. पाटी साध्या पाण्यानं आणि मऊ कुंचल्यानं धुतली. कुणीतरी फरशी धुवायचं ॲसिड आणलं होतं, ते परत पाठवलं. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातं, फेस येतो आणि त्याच्याबरोबर अक्षर जातं. तारेचा ब्रशही वापरू नका. ओट्याचं जुनं बांधकाम चुन्यातलं होतं, म्हणून ढासळलेला कोपरा जुनेच दगड लावून चुना, वाळू आणि विटेच्या भुकटीत बांधला. जुन्या चुन्यावर कडक सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगड फुटायला लागतो. पाच दिवसांचं काम, बारा दिवस लागले. बाया पाणी मारत होत्या. ह्या वेळी नळाचं.

जुन्या पाटीच्या खाली वीतभर उंचीची नवी पाटी बसवली. तिचा मजकूर त्याच कॉलेजच्या पोरीनं लिहून दिला. बाबासाहेबांचं नाव पूर्ण, अनुस्वारासह. पुढं एवढंच की वरची पाटी १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून मोहल्ल्यातल्या बायामाणसांनी बसवली, खोदाईत ती फुटली, मोहल्ल्यानं वर्गणी काढून जोडली. नाव कुणाचं नाही. 'बांधला' नाही लिहिलं, 'जोडली' लिहिलं. अगरवेशीचा धडा विसरलो नाही.

आणि इंद्रभुवनची गोष्ट? ती ओट्यावर कोरली नाही. ती ह्या ओट्याची गोष्ट नाही. पण १३ नोव्हेंबरला ओट्यावर सभा घ्यायची असं ठरलं आहे. त्या दिवशी कुणीतरी उभं राहून सांगायचं, देऊळ उघडलं नाही म्हणून सांगायचं, तार आली तरी बाबासाहेब बसून राहिले म्हणून सांगायचं. सगळंच काही दगडात घालायचं नसतं. काही तोंडात ठेवायचं असतं, म्हणजे दर वर्षी ते पुन्हा बोलावं लागतं.

कार्यकर्त्यांनो, आपल्याजवळ दफ्तरखाने नाहीत. आपल्या आज्यांच्या रोजनिशा नाहीत, कुलवृत्तान्त नाहीत. सरकारी कागदात आपण आहोत ते जातीच्या रकान्यात, नाहीतर गुन्ह्याच्या. आपलं दफ्तर म्हणजे हे ओटे, ह्या पाट्या, पंचशीलेच्या झेंड्याखालचे हे चार-चार ओळींचे मजकूर. आणि त्यांच्याभोवती बसलेल्या म्हाताऱ्या. त्या म्हाताऱ्या आता ऐंशीकडं आल्या. उद्या त्या नसतील.

म्हणून हे पत्रक हातात पडेल त्यानं येत्या रविवारी एक काम करावं. आपल्या वस्तीतली पाटी तिरप्या उजेडात वाचावी. आहे तशी, चुकांसकट कागदावर उतरवावी. दोन म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं विचारावं आणि दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहून ठेवावं, आपल्या मनानं एक करू नये. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, तेही वहीत टाकावं. आणि कुणी ग्रॅनाइट घेऊन आला तर त्याला आधी विचारावं, जुनी पाटी कुठं ठेवणार?

आमची पाटी जागेवर बसली त्या संध्याकाळी ती म्हातारी आली. तिला दिसत नाही नीट. तिनं बोटानं अक्षरं चाचपली. पहिल्या ओळीवर, जिथं अनुस्वार नाही तिथं, बोट थांबलं. "आहे," म्हणाली. आणि ओट्यावर बसली.

जयभीम.